खिळ्याखालची बोटं

विष्णू मास्तर पहिल्या खेपेचा मुलगा घेत नसत. बाप मुलाला घेऊन पडवीत आला की पहिला प्रश्न, "किती वेळा बसलाय?" बाप म्हणाला, "अजून बसला नाय, मास्तर, औंदा बसवायचाय," की मास्तर उठून उभे राहत. "मग आधी नापास करून आणा. कुठे पडला ते त्यालाच ठाऊक नाही, तर मी उचलू कुठून?"

कर्जतला त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. कुडाची, वरून शेणामातीने लिंपलेली. माझं शिक्षण मराठी चौथी. जर्मनीची पहिली लढाई संपली त्या सुमाराला माझी शाळाही संपली. त्यामुळे मास्तर शिकवायला चांगले होते की वाईट, हे मला सांगता येणार नाही. भिंतीतून जे ऐकू आलं आणि ताक द्यायला, विस्तव मागायला गेले तेव्हा जे दिसलं, तेवढंच सांगते.

त्या वेळी आमच्याकडची मुलं मॅट्रिकसाठी कल्याणला नाहीतर पनवेलला कुणा नातेवाइकाच्या दारात राहून शिकत. परीक्षा द्यायची मुंबईला किंवा पुण्याला. पास झाला तर कॉलेजचं दार उघडं. नापास झाला तर ट्रंक डोक्यावर घेऊन परत गावी. असे परत आलेले मास्तरांकडे यायचे. नेरळकडचे, खालापूरकडचे, चौक-वावोशीचे. कुणाला मिसरूड फुटत होती, कुणाला दोन मुलं होती. झाडून सगळे गणितात गेलेले.

मास्तर स्वतः मॅट्रिक नव्हते. पाच वेळा बसले आणि पाचही वेळा गणितात पडले. हे ते कुणापासून लपवत नसत. लपवायची सोयच नव्हती, कारण पडवीच्या खांबावर ते कोरलेलं होतं.

तो खांब म्हणजे मास्तरांचं सगळं शास्त्र. सागाचा चौकोनी खांब. जमिनीपासून पस्तीस बोटांवर एक लोखंडी खिळा ठोकलेला. पासाला पस्तीस लागत. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या खांद्याशी तो खिळा येई. परीक्षेचा निकाल लागला की युनिव्हर्सिटीकडून गुणांचं पत्रक मागवायचे. फी भरून अर्ज करावा लागे, आणि तो मास्तर सगळ्यांचा आधीच करून ठेवत. पत्रक आलं की मास्तर कोट चढवत. एरवी वर्षभर तो कोट खुंटीला असे. मग ते कोयता घेत, मुलाला खांबाशी बसवत आणि गणितात जितके गुण तितकी बोटं मोजून खाच मारत. खाचेशेजारी इंग्रजी आकडा कोरत. पुढच्या साली नवी खाच. मागची खाली, नवी वर. दोन्हींमधली बोटं मुलाने स्वतः मोजायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची.

"तीन बोटं वर, मास्तर."

"आणि तो शेजारचा?"

"सात बोटं."

"का सात? जा, विचार त्याला. मला विचारू नको."

मुलगा पास झाला, खिळा ओलांडला, की मास्तर रंधा घेऊन त्याच्या खाचा साफ करून टाकत. खाचा बोटभर खोल कधीच नसत, तरी वर्षानुवर्षं रंधा फिरून खांब खालच्या बाजूला बारीक झाला होता. माझी आई म्हणायची, "मास्तर, एक दिवस घर डोक्यावर येल तुमच्या." मास्तर म्हणायचे, "त्यासाठीच तर धडपड चालली आहे, वहिनी."

खांबाच्या भिंतीकडच्या अंगाला मात्र रंधा कधी लागला नाही. तिथे मास्तरांच्या स्वतःच्या पाच खाचा होत्या. सगळ्यांत वरची तेहेतीसवर. खिळ्याखाली दोन बोटं.

त्यांना दया वगैरे फार नव्हती. मारत नसत, पण सोडतही नसत. पोशीरचा धोंडू म्हणून एक होता, चोविसाचा तरी असेल. एका साली त्याचे गुण वाढायच्या ऐवजी उतरले. तो खांबाला पाठ लावून बसला आणि उठेना.

"मास्तर, औंदाची खाच नका मारू. घरी बायकोला सांगितलंय, चार बोटं वर गेलो म्हणून."

"मग बायकोला घेऊन ये. तिच्यासमोर मारतो."

"हसू होईल वो माझं."

"ते आत्ताही होतंय. सरक."

खाच मारली. मग शांतपणे म्हणाले, "धोंडू, मार्क लपवणं म्हणजे दुखणं लपवणं. लपवलं की ते आत वाढतं." हे वाक्य मी भिंतीआडून शंभरदा ऐकलं असेल. पाठ झालं होतं मला.

मुलीचे बाप स्थळ बघायला आले की आधी मास्तरांच्या पडवीत डोकावत. मुलाच्या घराचं शेत किती, बैल किती हे नंतर. आधी खांब. खालापूरचा एक गृहस्थ तांदळाची गोण गाडीत घालून आला. दुसऱ्या दिवशी मुलाला बघायला पाहुणे यायचे होते. म्हणाला, "मास्तर, तेवढी एक खाच जरा वर सरकवा. लग्न झालं की परत खाली घ्या."

मास्तरांनी खांबाकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं. म्हणाले, "तुमचा मुलगा खिळ्याच्या खाली सहा बोटं आहे. मुलगी द्यायला तेवढं पुरत असेल तर देतील. माझा कोयता वरून खाली येत नाही आणि खालून वरही जात नाही. जिथे आकडा, तिथे खाच."

गोण परत गेली. स्थळही परत गेलं. तो मुलगा नंतर रेल्वेत कोळसा मारायला लागला. मास्तरांना त्याचं काही वाटलं असेल तर ते दिसलं नाही.

मास्तरांची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, यमू. माझ्याहून वर्षाने मोठी. ती पडवीतल्या मुलांच्या मागे बसून शिकली. मुलं अडली की आतून उत्तर द्यायची आणि मास्तर म्हणायचे, "स्वयंपाकघराला येतंय, तुम्हाला येत नाही?" मी सातवीला नाही, आठवीला नाही, सरळ चुलीपाशी गेले. ती चुलीपाशी बसून इंग्रजी वाचायची. गावात लोक बोलायचे. मुलगी घोडी झाली, मास्तर तिला कॉलेजात घालणार म्हणे. मास्तर म्हणायचे, "घालणार. आधी खिळा गाठू दे."

यमू पहिल्यांदा बसली तेव्हा गणितात सव्वीस पडले. मास्तरांनी कोट चढवला आणि तिलाही खांबाशी बसवलं. पुढच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल अशी खाच मारली. दुसऱ्या साली तेहेतीस. खाच मारताना मास्तरांचा हात थांबला, कारण खांबाच्या दुसऱ्या अंगाला बरोबर त्याच उंचीवर त्यांची स्वतःची शेवटची खाच होती. बाप आणि लेक एका रेषेत. मास्तर म्हणाले, "इथवर मी तुला आणलं. इथून पुढे मला वाट ठाऊक नाही. तुझी तू जा."

इंग्रजी आकडे मला यमूनेच शिकवले, त्याच खांबावर. एक अक्षर येत नाही मला इंग्रजीचं, पण आकडे येतात. तिने दोन्ही साली आलेली पत्रकंही दाखवली होती. "ही वरून तिसरी ओळ गणिताची. बाकीच्या ओळी बघायच्याच नाहीत. त्यात मी पास आहे."

मी एकदा तिला विचारलं, "तुला जायचंय का गं कॉलेजात?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला जायचंय की अप्पांना जायचंय, ते आता मलाच वेगळं काढता येत नाही, सखू."

तिसरी परीक्षा शिमग्याच्या सुमाराला आली. आणि त्याआधी यमूला हिवताप आला. आमच्याकडे तो नवा नव्हता. डोंगराखालच्या गावात घरटी एक माणूस थंडीने कुडकुडत असायचा. तिला आला तो तिजारीचा. एक दिवस ताप, एक दिवस मोकळा, पुन्हा ताप. मोकळ्या दिवशी माणूस हिंडतं-फिरतं, काही झालंच नाही असं वाटतं.

मास्तरांनी पंचांग काढलं आणि पाटीवर मांडलं. गुरुवारी ताप आला. म्हणजे शनिवारी येणार, सोमवारी येणार, बुधवारी येणार. गणिताचा पेपर मंगळवारी. मंगळवार मोकळा. सोमवारी इंग्रजी, पण पेपर सकाळचा आणि ताप चढतो दुपारनंतर. त्यांनी ते तीनदा पडताळून पाहिलं. मुलांनाही पडताळायला लावलं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं.

माझी आई ताक द्यायला गेली होती. ती पाटी बघून म्हणाली, "मास्तर, ताप काय पंचांग बगून येतो का वो? पोर पिवळी पडलीय. औंदा र्‍हाऊ द्या."

"वहिनी, एक दिवसाआड येतो. शनिवारी बघा, माझं खरं होतं की नाही."

शनिवारी दुपारी, त्यांनी सांगितलेल्या वेळेला ताप आला. मास्तरांच्या तोंडावर समाधान दिसलं. मी ते पाहिलं आहे. पोटची पोर गोधडीत दात वाजवतेय आणि बाप घड्याळ बघून मान हलवतोय. त्यांना पोरीचा ताप नको होता असं नाही. पण हिशेब जमला होता. रविवारी हिवतापावरच्या कोयनेलच्या जास्तीच्या गोळ्या दिल्या आणि दोघं गाडीने घाट चढून पुण्याला गेली. यमू जाताना रडली-बिडली नाही. मला म्हणाली, "दोन बोटांचा तर प्रश्न आहे."

शुक्रवारी परत आली. मी भेटायला गेले तेव्हा मास्तर टपालात जायला निघाले होते, गुणांच्या अर्जाचं बघायला. माझ्याशी बोलले, "मंगळवार मोकळा गेला, सखू. पेपर देऊन आली तेव्हा म्हणाली, बरी आहे." आणि गेले.

यमू आत पडून होती. डोळ्यांचे पांढरे भाग हळदीसारखे झाले होते. मला जवळ बोलावून म्हणाली, "मंगळवारी आला गं. पेपर हातात पडला आणि पाठीतून थंडी निघाली. टाक धरवेना. दोन उदाहरणं केली आणि मग नुसती बाकाला धरून बसले. बाई येऊन विचारत होत्या, घरी जायचंय का. मी नाही म्हटलं. अप्पांना सांगू नको."

"त्यांना कळेलच की, पत्रक आल्यावर."

"तेव्हा कळू दे. आत्ता नको. त्यांचा हिशेब चुकला म्हणून सांगू नको."

मी सांगितलं नाही.

त्यानंतर ताप रोज येऊ लागला. लघवी काळी व्हायला लागली. दवाखान्याचा डॉक्टर आला, कोयनेल बंद करा म्हणाला, आणि जाताना माझ्या आईशी बोलला, मास्तरांशी नाही. नवव्या दिवशी सकाळी यमू गेली. उल्हास नदीला पाणी अगदी कमी होतं. अस्थी वाहून जायला मास्तरांना पाण्यात बरंच आत चालावं लागलं, असं माणसं सांगत होती.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, पण त्यात नुसते नंबर असत. यमूचा नंबर मास्तरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता. त्या साली त्यांनी वर्तमानपत्र घरात येऊ दिलं नाही. मुलं आपापले नंबर स्टेशनावर बघून आली. धोंडू पास झाला, सातव्या खेपेला. पेढे घेऊन दारात आला आणि आत यायचं धाडस होईना म्हणून पायरीवरच उभा राहिला.

मास्तरांनी त्याला आत बोलावलं. रंधा काढला. धोंडूच्या सहाही खाचा, ती उतरलेली धरून, एकेक करून साफ केल्या. खाली भुसा पडला. धोंडू ढसाढसा रडत होता. मास्तर म्हणाले, "पेढे बाहेर मुलांना वाट. आणि पुन्हा इकडे येऊ नको. तुझं इथलं काम झालं."

पुढच्या आठवड्यात यमूच्या गुणांचं पाकीट आलं. आधीच अर्ज करून ठेवायची रीत, ती त्यांच्या अंगलट आली. पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. मास्तर कोट घालायला आत गेले. कोट घालून बाहेर आले. खांबाशी बसले. पाकीट उलटसुलट केलं. मग त्याचा एक कोपरा त्या खिळ्यावर टोचला आणि उठले.

ते पाकीट तिथेच राहिलं. बंद. वर्गातली मुलं त्या पावसाळ्यापर्यंत येत होती, मग मास्तरांनीच वर्ग बंद केला. माझं लग्न होऊन मी खालापूरला गेले. माहेरी आले की दिसायचं, पाकीट पिवळं पडलंय, खिळ्याच्या गंजाचा डाग पसरत चाललाय. कुणी त्याला हात लावायचं नाही.

गावाला मात्र त्या पाकिटाची गरज नव्हती. लोकांनी आपसांत ठरवून टाकलं की यमू पास झाली होती. आधी म्हणत, "झालीच असणार, हुशार होती." मग म्हणू लागले, "पास झाली आणि गेली बिचारी, निकाल बघायला राहिली नाही." चार-पाच वर्षांनी तर आमच्या गल्लीतल्या बायका पत्रक बघितल्यासारख्या खात्रीने तिचे गुण सांगायच्या. मास्तरांच्या तोंडावरही सांगायच्या. त्यांचं मन हलकं व्हावं म्हणून. मी माहेरी असले की ऐकायचे आणि गप्प बसायचे. मला काय ठाऊक होतं ते मला ठाऊक होतं.

सात वर्षांनी मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मास्तरांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. एका सकाळी त्यांनी भिंतीवर काठी वाजवली. "वहिनी, सखू आली आहे का? तिला पाठवा."

मी मूल आईपाशी ठेवून गेले. मास्तर कोट घालून खांबाशी बसले होते. मांडीवर कोयता.

"ते पाकीट काढ."

मी काढलं. कोपरा खिळ्याला चिकटला होता, थोडा फाटला.

"मास्तर, कुणा शिकलेल्याला बोलवा. मला इंग्रजी येत नाही."

"आकडे येतात. यमूने सांगितलं होतं मला. शिकलेले सगळे मला पास म्हणून सांगतील. तू तुझ्या आईची मुलगी आहेस. तुला गोड बोलता येत नाही." मग म्हणाले, "इतकी वर्षं लोक सांगताहेत, ती पास झाली. मला ते खरं वाटायला लागलंय, सखू. आणि मी पडताळलेलं नाही."

मी पाकीट फोडलं. आतला कागद घडीवर पिवळा झाला होता. वरून तिसरी ओळ. मी आकडा दोनदा बघितला.

"किती?"

"सव्वीस."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. मग मास्तरांनी विचारलं, "मंगळवारी थंडी भरली होती का तिला?"

"हो."

"तुला बोलली?"

"बोलली. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. तेव्हा नाही सांगितलं. आता विचारलंत म्हणून सांगते."

"तरी मी विचारलं होतं तिला. बरी आहे म्हणाली."

"तुम्हाला कोण वेगळं सांगणार होतं, मास्तर?"

हे मी बोलून गेले. आजही मला ते मागे घ्यावंसं वाटत नाही. पुढे माझ्या सुना मला म्हणाल्या, पास झाली म्हणून सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? आंधळा म्हातारा, कुठे पडताळणार होता? त्यांनी मास्तरांना पाहिलं नव्हतं, म्हणून त्या असं म्हणतात. ज्या माणसाने धोंडूची खाच सोडली नाही, त्याला मी खोटी खाच मारायला लावायची?

मास्तरांनी डाव्या हाताने खिळा चाचपला. मग त्याखाली एकेक बोट ठेवत मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. हात उचलून पुन्हा. नवव्या बोटाला थांबले. अंगठा तिथेच फिरवत राहिले.

"इथे खाच आहे," म्हणाले.

"हो. पहिल्या सालची. तेव्हाही सव्वीसच होते."

"मग ही कुठे मारू?"

खाचेबद्दलचा हा त्यांचा एकच प्रश्न असा, ज्याचं उत्तर त्यांनी माझ्याकडून मागितलं. त्यांनी मग कोयत्याचं टोक त्याच खाचेत नेमकं बसवलं आणि मुठीवर हात मारला. एकदा, दुसऱ्यांदा. जुनी खाच आत ओल्यासारखी लाल दिसायला लागली. आकडा कोरायचा होता तो त्यांना दिसत नसल्याने कोरता आला नाही. मला म्हणाले नाहीत आणि मी होऊन पुढे झाले नाही.

"जा आता. तुझं पोर रडतंय."

रडत होतं खरं. पायरी उतरताना मी मागे वळून पाहिलं. मास्तर कोटातच बसले होते. एक हात वर खिळ्यावर, एक हात खाली त्या खाचेत, आणि मधली बोटं तोंडातल्या तोंडात पुन्हा मोजत होते.